अनोळखी हात

समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात पत्त्यांच्या डावाविषयी लिहिताना संकोच वाटतो. हा संकोच जुगाराचा नाही. जुगाराला आपल्या वाङ्मयात पुरेशी प्रतिष्ठा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे आणि महाभारताचे सारे कथानक एका द्यूतावर तोललेले आहे. संकोच आहे तो वेगळ्या कारणाने. 'वाचन' या क्रियेविषयी मी अनेक वर्षे वर्गात जे बोलत आलो, त्यातील बराच भाग मला ग्रंथालयात नव्हे, तर हिरव्या कापडाने मढवलेल्या एका टेबलाशी बसून कळला; आणि जे कळले त्याचा मी पुढे गैरवापर केला. त्या गैरवापरापर्यंत येण्यासाठी आधी खेळ सांगणे भाग आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढी विनंती.

१९९४ ते १९९६ अशी दोन वर्षे मी अभ्यासवृत्तीवर फिलाडेल्फियात होतो. माझा मामेभाऊ, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, न्यू जर्सीत औषधांच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. त्या राज्यातील कॅसिनोंमध्ये पोकरला परवानगी मिळाली १९९३ साली, आणि तेव्हापासून दादाचे बहुतेक शनिवार अटलांटिक सिटीत जात. त्या गावातील मोठी पोकर-खोली ज्या कॅसिनोत होती त्याचे नाव 'ताजमहाल' असे होते. (१९९० साली थाटात उघडलेली ती वास्तू २०१६ साली बंद पडली. नावाचा गुण म्हणावा काय?) मी बसने तेथे पोहोचत असे. बसमध्ये बहुतेक निवृत्त वृद्ध असत. त्यांच्या मांडीवर घरून आणलेल्या सँडविचच्या पिशव्या असत, आणि उतरताना कॅसिनोकडून मिळणाऱ्या सुट्या नाण्यांची त्यांना ओढ असे.

आज पोकर म्हटले की 'होल्डेम' हाच प्रकार डोळ्यांपुढे येतो. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या एका हौशी हिशेबनिसाने जागतिक स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर दूरचित्रवाणीने त्या प्रकाराला घरोघर नेले. त्याआधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खेळला जाई तो मुख्यतः 'सेव्हन कार्ड स्टड'. टेबलाभोवती जास्तीत जास्त आठ जण. प्रत्येकाला प्रथम तीन पाने मिळतात, दोन पालथी आणि एक उताणे. ज्याचे उताणे पान सर्वांत हलके, त्याने सक्तीने लहानशी रक्कम टाकून डाव उघडायचा. मग चौथे, पाचवे, सहावे पान उताणे आणि सातवे पुन्हा पालथे. प्रत्येक टप्प्यावर बोलीची एक फेरी. ज्याला पुढे जायचे नसेल त्याने पाने टाकून द्यायची. आपल्या तीनपानीत ज्याला 'पॅक' म्हणतात तेच. सातांतून उत्तम अशी पाच पाने जुळवायची. म्हणजे अखेरपर्यंत टिकणाऱ्याची चार पाने जगाला दिसतात आणि तीन त्याची एकट्याची राहतात. आठ जणांनी सात-सात पाने घ्यायची तर छप्पन्न पाने लागतील, आणि कॅटात असतात बावन्न. सर्वजण शेवटपर्यंत राहणारच नाहीत, हे गृहीत धरूनच हा खेळ रचलेला आहे. मला हे गृहीतक फार सूचक वाटते. कादंबऱ्यांच्या प्रकाशकांनाही ते परिचित असावे.

होल्डेममध्ये मधली पाच पाने सर्वांची सामाईक असतात. एकच संहिता आणि तिचे अनेक वाचक. स्टडमध्ये प्रत्येकापुढे स्वतःची अशी अर्धी उघडी संहिता असते. ती दर फेरीला एका ओळीने वाढते. शिवाय जो डाव सोडतो त्याची उताणी पाने डीलर उचलून नेतो, पण ती पाने कोणती होती हे ज्याच्या लक्षात राहते तोच पुढचे वाचन करू शकतो. माझ्यापुढे दोन राण्या असतील आणि उरलेल्या दोन्ही राण्या मघाशीच कोणाकडून टाकल्या गेल्या असतील, तर माझी जोडी ही मेलेली जोडी. अनुपस्थित चिन्हावर अर्थ अवलंबून असतो हे सोस्यूर शिकवताना मी शेकडो वेळा बोललो असेन. त्याची किंमत डॉलरमध्ये मोजण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता.

माझे पत्त्यांचे शिक्षण मेंढीकोटाचे. कोकणातल्या आजोळी मे महिन्याच्या दुपारी ओसरीवर चौघे बसायचे, दोन-दोन भिडू समोरासमोर, आणि दश्श्या पकडण्यासाठी जीव टाकायचा. त्या खेळात वाचायचे असते ते भिडूला. मामा इस्पिकची सत्ती जरा जोराने आपटत, त्यातून त्यांच्याकडे राजा आहे की नाही ते मला कळे. आणि मला कळते हे त्यांना कळे. पुढे काव्यशास्त्रात 'सहृदय' ही संकल्पना भेटली तेव्हा माझ्या मनात तिला चेहरा मिळाला तो मामांचा. समानधर्मा, ज्याच्या मनात तीच वासना जागी होते, असा तो. माझ्या पिढीच्या मराठी समीक्षेने वाचकाची जी प्रतिमा जपली, ती बहुतांशी या भिडूची प्रतिमा आहे. पोकरच्या टेबलावर भिडू नसतो. तेथे सातही जण अनोळखी, सातही जण प्रतिपक्षी, आणि प्रत्येकजण आपली संहिता तुम्ही चुकीची वाचावी यासाठी झटत असतो.

पहिल्या काही शनिवारी मी एक ते पाच डॉलरच्या टेबलावर बसलो. हे सर्वांत स्वस्त टेबल. एका संध्याकाळी मला एक राजा पालथा, एक राजा उताणा आणि सोबत पालथी नव्वी अशी पाने आली. मी पाच डॉलरने वाढवले. सर्वांनी पाने टाकली, एक म्हातारी तेवढी उरली. अंगात हाताने विणलेला स्वेटर, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, पुढे चिप्सचे नीट रचलेले चार मनोरे. तिचे उताणे पान होते किलवरची सत्ती. माझ्या प्रत्येक बोलीला ती मुकाट्याने तेवढेच पैसे घाली. चौथ्या पानाला तिला दुर्री आली, पाचव्याला गुलाम, सहाव्याला पंजी. रंग जुळेना, क्रम जुळेना. मला मात्र पाचव्या पानाला दुसरी नव्वी मिळाली आणि राजा-नव्वीच्या दोन जोड्या झाल्या. शेवटच्या पालथ्या पानानंतर मी बोली लावली आणि तिने वाढवली. मला तिची कीव आली. बाईंना खेळ नीट कळत नसावा असे वाटले. मी पैसे भरले. तिने आपली पालथी पाने उलटवली, त्यात दोन सत्त्या होत्या. पहिल्या तीन पानांतच तिच्याकडे तीन सत्त्या होत्या. अशी सुरुवात सुमारे सव्वाचारशे डावांत एकदा मिळते. माझे तीसएक डॉलर गेले. माझ्या अभ्यासवृत्तीच्या मानाने ती आठवड्याची भाजी होती.

परतीच्या वाटेवर गाडी चालवत दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, तू त्या बाईला वाचलंच नाहीस. तू तिचा स्वेटर वाचलास."

मी म्हणालो, "दादा, पण तिने एकदाही काही दाखवलं नाही."

"दाखवलं की. पहिल्या तीन पानांनंतर तिनं आपल्या पानांकडे पुन्हा पाहिलं का? नाही. तुझ्या नव्या पानाकडे पाहत होती. आणि टेबलावर दुसरी एक तरी सत्ती दिसली होती का कुठे? तू मोजलीच नाहीस."

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती केवळ पैशामुळे नव्हे. हान्स रॉबर्ट याउस यांचे 'अपेक्षांचे क्षितिज' मी त्याच आठवड्यात एका चर्चासत्रात मांडले होते. वाचक कोऱ्या मनाने संहितेकडे येत नाही, वाङ्मयप्रकाराच्या अपेक्षा घेऊन येतो, असे ठासून सांगितले होते. आणि टेबलावर मी स्वेटर, चष्मा आणि वय यांना एक वाङ्मयप्रकार मानून पुढचे सारे वाचन त्यात कोंबले होते. बरे, ही चूक मी करावी हे आणखी विचित्र. त्या टेबलावर मी स्वतःही एक प्रकारच होतो: चष्मेवाला, तपकिरी, हळू बोलणारा मास्तर. पुढे लक्षात आले की नवे लोक माझ्या पहिल्या रेजला नेहमी मान देत. माझ्यासारखा माणूस हातात काही असल्याशिवाय पैसे पुढे सारणार नाही, असे त्यांनी मला पाहताक्षणीच वाचलेले असे. तो अपमान होता. तो भांडवलासारखा वापरताही येत होता.

अनोळखी खेळाडूला वाचण्याची पद्धत मी दादाकडून आणि काही पुस्तकांतून शिकलो. पहिला नियम असा की पहिला अर्धा तास स्वतःची पाने टाकत राहायचे आणि ज्या डावात आपण नाही तो डाव पाहायचा. अखेरीस ज्याची पाने उघडतात, त्याचा डाव उलट दिशेने आठवायचा. या माणसाकडे छक्कीची जोडी होती. मग तिसऱ्या पानाला, समोर एक्का उताणा असताना, तो काय म्हणून राहिला? तेव्हा तो थांबला होता की लगेच पैसे टाकले होते? हे शेवटाकडून आरंभाकडे केलेले दुसरे वाचन. रहस्यकथा पुन्हा वाचणाऱ्याला हे परिचित आहे. दुसरे म्हणजे माणूस कोणाच्या पानांकडे पाहतो ते पाहायचे. केवळ स्वतःच्याच पानांत रमणारा वाचक धोकादायक नसतो, परंतु त्याला ब्लफही करता येत नाही, कारण तुम्ही रचलेली कथा तो वाचतच नाही. तिसरे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे हात. नवख्याला वाटते की चिप्स पुढे सारताना हात थरथरला म्हणजे माणूस खोटे बोलतो आहे. माइक कॅरो यांनी देहबोलीवरच्या आपल्या १९८४ सालच्या पुस्तकात नेमके उलटे सांगितले आहे. ब्लफ करणारा स्वतःला आवळून धरतो, श्वाससुद्धा रोखतो. थरथर सुटते ती बहुधा मोठा हात जुळल्यावर, ताण मोकळा होताना. मी याची महिनोन्‌महिने पडताळणी केली. थरथरत्या हाताला मी कधी पैसे दिले नाहीत, आणि क्वचितच पस्तावलो.

येथे महिमभट्टाची आठवण होणे अपरिहार्य आहे. आनंदवर्धनाच्या ध्वनीला आव्हान देताना 'व्यक्तिविवेक'काराने म्हटले ते असे की ज्याला तुम्ही व्यंजना म्हणता ते वस्तुतः अनुमानच आहे. एम.ए.ला असताना हे मत मला रूक्ष आणि काहीसे अरसिक वाटे. पोकरच्या टेबलाने मला निदान एका प्रांतापुरते महिमभट्टाच्या पक्षात नेऊन बसवले. चेहरा काही 'सूचित' करीत नाही. आपण हेतूवरून साध्याकडे जातो, आणि हेतू सव्यभिचारी निघाला की तीस डॉलर जातात. स्वेटर हा सव्यभिचारी हेतू होता. थरथरसुद्धा तसाच असतो, कारण माणसे थंडीने थरथरतात, वयाने थरथरतात. म्हणून तर अर्धा तास गप्प बसून त्या माणसाची व्याप्ती पाहायची.

एडगर अॅलन पो यांच्या 'चोरलेले पत्र' या १८४४च्या कथेत गोट्यांच्या 'सम की विषम' खेळात सर्वांना हरवणाऱ्या एका शाळकरी मुलाचा दाखला येतो. तो समोरच्याच्या चेहऱ्यासारखा स्वतःचा चेहरा करतो आणि मग आपल्या मनात काय उमटते ते पाहतो. या कथेवर लाकाँ यांनी चर्चासत्र घेतले, देरिदा यांनी त्याचा प्रतिवाद केला, आणि त्या वादावर आपल्याकडच्या विद्यापीठांतही निबंध झाले. त्यांतील एक माझा होता. तो लिहिताना माझ्या नजरेतून एक लहान तपशील सुटला होता. भोळ्या प्रतिस्पर्ध्याशी खेळताना हा चतुर मुलगा पहिली खेप हरतो. त्याचे वाचन सुरू होते ते दुसऱ्या खेपेपासून. अनोळखी माणसाची पहिली ओळ फुकट मिळत नाही.

पण केवळ पाहत बसणाऱ्याला या खेळात काही मिळत नाही, हे दुसरे सत्य, आणि ते पचायला मला अधिक वेळ लागला. "तू फार सभ्य खेळतोस," दादा म्हणे. "शेवटचं पान बघायला मिळावं म्हणून पैसे भरत राहतोस. प्रेक्षक आहेस तू." अशा खेळाडूसाठी त्यांच्या भाषेत हेटाळणीचा खास शब्द आहे. तो कोणाच्याही बोलीला केवळ हो म्हणत जातो. मी माझ्या समीक्षेकडे पाहिले तेव्हा तेथेही हाच मनुष्य दिसला: दुसऱ्याच्या सिद्धांताला तेवढीच रक्कम भरून पुढच्या पानाची वाट पाहणारा.

आक्रमक खेळ म्हणजे आरडाओरडा नव्हे. रेज हा मुळात प्रश्न आहे. तुम्ही पैसे वाढवता तेव्हा समोरच्या संहितेला बोलावेच लागते. ती वाढवते, पाळते किंवा मिटते, आणि तिन्हींतून काही कळते. नुसते पाळत राहिलात तर तुमच्याविषयी समोरच्याला कळते, त्याच्याविषयी तुम्हाला नाही. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४च्या ग्रंथात ब्लफची दोन प्रयोजने सांगितली आहेत: दुबळेपणी बळाचा आभास करणे, आणि बळ असताना दुबळेपणाचा संशय जागा ठेवणे. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी त्यात मधला एक प्रकार रूढ केला, 'सेमी-ब्लफ'. हात अजून जुळलेला नाही, पण जुळू शकतो. तरी जुळल्यासारखी बोली लावायची. समोरचा मिटला तर उत्तम, न मिटला तरी येणारी पाने उरतातच. मात्र हे कोठेही चालत नाही. एक ते पाचच्या टेबलावर आरंभी मध्ये एकच डॉलर असतो, तो हिसकावण्यासाठी पाच धोक्यात घालणे हा वेडेपणा. म्हणून मी पाच-दहाच्या टेबलावर गेलो. तेथे प्रत्येकाला डावापूर्वीच अर्धा डॉलर टाकावा लागे. मध्ये काही पडलेले असेल तरच आक्रमणाला अर्थ येतो, हे मी पुढे वाङ्मयीन वादांबाबतही ताडून पाहिले आहे.

१९९६च्या मार्चमधला एक डाव मला पानागणिक आठवतो. समोर नवा आलेला गृहस्थ होता, पन्नाशीचा, जाडजूड बोटांचा, बहुधा सुतारकाम करणारा. तासाभरात त्याने दोनदा चांगली पाने टाकून दिली होती आणि दोन्ही वेळा टाकताना ती शेजाऱ्याला दाखवली होती. आपण शहाणपणाने माघार घेतली याचे प्रमाणपत्र त्याला हवे असे. त्याची चौकटची राणी उताणी, त्याने वाढवले. माझ्याकडे बदामचा एक्का उताणा, बदामची दश्शी आणि छक्की पालथ्या. मी आणखी वाढवले. बाकी सर्व मिटले. चौथे पान मला बदामचा राजा आले. एक्का-राजा, दोन्ही लाल, दोन्ही एका रंगाचे. माझे उघडे पृष्ठ आता फारच सुंदर दिसत होते. मी बोली लावली, त्याने पाळली. पाचवे पान किलवरची चव्वी, म्हणजे निरुपयोगी. हिशेब असा होता: माझी पाच आणि इतरांची उताणी नऊ अशी चौदा पाने मी पाहिली होती, त्यात इतरांकडची बदाम दोनच. न दिसलेल्या अडतीस पानांत सात बदाम शिल्लक. दोन पानांत एक तरी बदाम येण्याची शक्यता तिनात एक. त्या क्षणी माझ्याकडे साधी जोडीही नव्हती. मी दहा डॉलर पुढे सारले.

त्याने आपली पालथी पाने उचलून पुन्हा पाहिली. ज्याला खात्री असते तो पुन्हा पाहत नाही, हे मला स्वेटरवाल्या बाईने शिकवले होते. मग त्याने मान हलवली, राण्यांची जोडी उलटवून शेजाऱ्याला दाखवली आणि डीलरकडे सरकवली. डीलरने चिप्स माझ्याकडे लोटल्या तेव्हा त्याने मला विचारले, "फ्लश होता ना? काय होतं तुझ्याकडे?"

"बदामच होते," मी म्हणालो. चार होते, पाच नव्हते. तो समाधानाने हसला. त्याला हवे असलेले प्रमाणपत्र मी दिले होते, त्याच्याच पैशात.

बसमध्ये मला अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. अधिक चांगला हात असणाऱ्याला मी केवळ माझ्या निवेदनाच्या जोरावर माघार घ्यायला लावले होते. पोकरमध्ये याहून मोठी कलाकृती नाही. उत्तम पाने घेऊन कोणीही जिंकतो. त्या माणसाची गरज वाचून मी तिच्यावर पैसे मिळवले, याचा थोडा सलही होता, पण तो फिलाडेल्फिया येईपर्यंत विरला.

परत आल्यावर माझ्या लेखनात धार आली, असे मित्र म्हणाले. परिसंवादात मी प्रश्न विचारू लागलो. प्रश्न विचारण्यापूर्वी क्षणभर थांबायचे, वाक्य अर्धे सोडायचे, कागदाकडे न पाहता वक्त्याकडे पाहायचे, हे सारे त्या टेबलावरचे होते.

१९९८ साली एका विद्यापीठात पीएच.डी.ची मौखिक परीक्षा घ्यायला बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो. प्रबंध लीळाचरित्रातील निवेदनावर होता. उमेदवार तालुक्याच्या एका महाविद्यालयात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवीत होत्या. अनुकूल अहवाल मी आधीच पाठवला होता. आणि येथे लिहायलाच हवे की तो लिहिताना मी पहिले प्रकरण आणि समारोप वाचला होता, मधली प्रकरणे चाळली होती. खोलीत विभागप्रमुख, मार्गदर्शक आणि पाच-सात विद्यार्थी. त्या बोलू लागल्या तेव्हा त्यांच्या हातातले टिपणांचे कागद थरथरत होते, इतके की त्यांचा आवाज ऐकू येत होता.

मी विचारले, "तुम्ही सातत्याने 'निवेदक' असा एकवचनी शब्द वापरता. मूळ प्रत परचक्रात नष्ट झाली आणि पुढे अनेकांच्या स्मरणातून संहिता उभी राहिली, असे परंपरा सांगते. मग हा निवेदक कोण? म्हाइंभट? की..." वाक्य मी अर्धे सोडले आणि त्यांच्याकडे पाहिले.

त्या गप्प झाल्या. त्यांनी समोरचे कागद पुन्हा चाळले. पुन्हा पाहणे म्हणजे खात्री नसणे. थरथर म्हणजे भय. मला सारे स्पष्ट दिसत होते. अर्धा मिनिट गेला असेल. "सांगता येणार नाही, सर," त्या म्हणाल्या. मी मौखिकी पुन्हा घ्यावी असा शेरा दिला. पदवी वर्षभर लांबली. त्या वर्षी त्यांच्या महाविद्यालयातील कायम पदाची मुलाखत त्यांना पदवीवाचून द्यावी लागली आणि ते पद त्यांना मिळाले नाही. हे मला फार उशिरा कळले.

२००४ साली त्यांचा प्रबंध पुस्तकरूपाने आला. तिसरे प्रकरण संपूर्णपणे माझ्या प्रश्नाचे उत्तर होते. संहिता अनेकांच्या आठवणीतून पुन्हा उभी राहिली असेल तर तिचा निवेदक म्हणजे आठवणाऱ्यांचा एक समूहच, आणि पाठभेद हे त्या निवेदकाचे स्खलन नसून त्याचे बोलणे होय, असे तेथे चाळीस पानांत, एकेका लीळेची पाठांतरे समोरासमोर ठेवून मांडले होते. प्रस्तावनेत तारीख होती. हे प्रकरण मूळ प्रबंधात जसेच्या तसे होते. मी कपाटातून टंकलिखित प्रत काढून ताडून पाहिले. होते.

ज्या थरथरीला मी टेबलावर दोन वर्षे एक पैसा दिला नव्हता, तिला त्या खोलीत मी दुबळेपणा मानले. असे का झाले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. टेबलावर मी त्या माणसाची व्याप्ती पाहण्यासाठी अर्धा तास गप्प बसत असे. त्या खोलीत पहिल्या पाच मिनिटांतच मी स्वेटर वाचला: तालुक्याचे महाविद्यालय, इस्त्री उतरलेली सुती साडी, उच्चारांचा वऱ्हाडी हेल. आणि दुसरी गोष्ट अशी की माझा प्रश्न हा प्रश्न नव्हताच, तो सेमी-ब्लफ होता. माझ्या हातात तिसरे प्रकरण नव्हते. खेळात अधिक चांगल्या हाताला मिटायला लावणे हे कौशल्य. परीक्षकाच्या खुर्चीवर तेच कौशल्य म्हणजे ज्ञानाची चोरी. हे दोन व्यवहार मी एकाच 'वाचन' या शब्दाखाली बसवले होते आणि त्यांच्यामधली भिंत माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. नलाच्या कथेत ऋतुपर्ण नलाला अक्षहृदय देतो. आपल्या परंपरेत सहृदय आहे आणि अक्षहृदयही आहे. शब्दांतले हृदय समान असल्यामुळे मी बहुधा फसलो.

२०११ साली एका चर्चासत्राच्या चहापानात त्या भेटल्या. तोवर दुसऱ्या एका विद्यापीठात त्या प्रपाठक झाल्या होत्या. मी पुस्तकाचा विषय काढला आणि तिसऱ्या प्रकरणाविषयी जे बोलायचे ते अडखळत बोललो. त्यांनी ऐकून घेतले.

मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही प्रश्न विचारला तेव्हा तुमच्यापुढे तिसरं प्रकरण उघडं नव्हतं. पहिलंच होतं. मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ज्या तऱ्हेनं विचारलंत ना, त्यावरून वाटलं, यांच्याकडे नक्की काहीतरी आहे. मी पाहिलेलं नाही असं एखादं हस्तलिखित वगैरे. म्हटलं, आपण तोंड उघडावं आणि सगळाच प्रबंध पडावा, त्यापेक्षा नको." त्यांनी कपातला चहा ढवळला. "इतकी वर्षं विचारायचं होतं. काय होतं तुमच्याकडे?"

"काही नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, कपबशी टेबलावर ठेवली, आणि पुढच्या सत्राची घंटा झाली म्हणून आम्ही दोघे सभागृहाकडे वळलो. अध्यक्षस्थानी त्या होत्या.